वही उघडली की डोकं कोरं: रोजच्या लेखनाची सवय दहाव्या दिवशी का मोडते आणि ती दुरुस्त कशी करायची

तक्रार बहुतेकांची एकसारखी असते. पहिले आठ-दहा दिवस वही भराभर भरते. पहिल्या दिवशी तीन पानं, दुसऱ्या दिवशी दोन, मग एक. आणि एका रात्री जेवणं आटोपून, ओटा पुसून साडेदहाला वही उघडली की पेनाचं टोपण काढून नुसतं बसणं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वही उघडतच नाही. मग पुढच्या पाडव्याला किंवा १ जानेवारीला नवी वही, नवं पेन, आणि पुन्हा दहा दिवस. घरात पहिली वीस पानं भरलेल्या चार वह्या असतील तर दोष किरकोळ नाही, कायमचा आहे. दुरुस्त मात्र होतो.

‘सुचत नाही’ हे लक्षण आहे, कारण नव्हे. पहिले दहा दिवस सुचतं ते आधी साठलेलं असतं म्हणून: जुनी भांडणं, शाळा, आजोळ, ऑफिसातला तो एक माणूस. हा साठा उपसून झाला की वही रोजच्या आवकेवर चालवावी लागते, आणि तिथे आवक शून्य असते. पाणी सकाळी सहा ते साडेसात येतं, तेव्हा पिंप भरलं नाही, आणि रात्री साडेदहाला नळ सोडून बसलं तर दोष नळाचा कसा? लिहिण्यासारखं जे काही असतं ते दिवसा येऊन जातं. रात्री फक्त भरून ठेवलेलं वापरायचं असतं.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

उपाय करण्याआधी एक चाचणी करा. रात्री वही उघडून मोबाईलवर ५ मिनिटांचा टायमर लावा आणि आज दिवसभरात कानावर पडलेली तीन वाक्यं लिहा. बोलणाऱ्याच्या शब्दांत, जशीच्या तशी. सारांश नको. ‘बॉस चिडले’ हे वाक्य नव्हे. ‘हे तुम्ही मला आत्ता सांगताय?’ हे वाक्य.

एकही वाक्य आठवलं नाही तर दोष आवकेत आहे. दहापैकी सात-आठ जणांचं गाडं इथेच अडलेलं असतं. वाक्यं आठवली, पण ‘यात लिहिण्यासारखं काय आहे’ असं वाटलं तर दोष पारखण्यात आहे. वाक्यं आठवली, लिहावंसंही वाटलं, आणि हाताने मात्र ‘आजचा दिवस छान गेला’ लिहिलं, तर दोष मांडणीत आहे. आणि चाचणी करायला बसायलाच जमलं नाही, तर दोष वेळेत किंवा जागेत आहे. चारांचे उपाय वेगळे आहेत. आवक नसलेल्या माणसाने वेळ बदलून उपयोग होत नाही. तो फक्त सकाळी सहाला कोऱ्या डोक्याने बसतो.

आवक नाही: दिवसा तीन नोंदी

दिवसभरात तीन नोंदी घ्यायच्या. तीनच. प्रत्येक नोंद दहा-बारा शब्दांची, त्याहून मोठी नको. प्रत्येक नोंदीत या तिनातलं एक तरी हवं: एखादा आकडा, कुणी बोललेलं वाक्य, किंवा हाताने केलेली कृती.

तीनच का? एक नोंद घेतली आणि ती रात्री फुसकी निघाली तर खेळ खलास. दहा घेतल्या तर रात्री निवडण्यातच वेळ जातो, आणि चौथ्या दिवशी नोंदी घेणं हेच काम वाटायला लागतं. तिनातल्या दोन बहुधा वाया जातात, एक चालते. एक पुरते.

आकडा, वाक्य किंवा कृती यांचा आग्रह कशासाठी, ते दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कळतं. ‘ट्रेनला प्रचंड गर्दी.’ ही नोंद कालही खरी होती, उद्याही खरी असेल. रात्री तिच्याकडे कितीही बघा, पुढचं वाक्य निघत नाही. आता ही: ‘चौथ्या सीटवरच्या बाई: मी मुलुंडला उठते, मग पसरून बसा.’ इथे तिघांचा बाक दिसतो, त्यावर चौथी म्हणून अर्धी बाहेर बसलेली बाई दिसते, खिडकीपाशी बसलेल्यांनी न सरकणं दिसतं, आणि टोमणा तर आहेच. अर्धं पान या एका ओळीत आहे.

नोंद घेण्यात मुंबईत एक अडचण हमखास येते. सकाळच्या डोंबिवली किंवा विरार फास्टमध्ये खिशापर्यंत हातच पोचत नाही, तर वही कसली काढता. तिथे नोंदीला स्टेशनाचं नाव चिकटवायचं. ऐकलेलं वाक्य मनात ‘घाटकोपर’ म्हणून ठेवा, दुसरं काही दिसलं तर ‘कुर्ला’. नुसतं वाक्य दहा-पंधरा मिनिटांत विरून जातं. स्टेशनाच्या नावाला बांधलेलं वाक्य उतरेपर्यंत टिकतं, कारण स्टेशनांचा क्रम डोक्यात आधीच पक्का असतो. उतरल्यावर लगेच लिहा, पण पुलाच्या पायऱ्यांवर थांबून नव्हे. मागून येणारे जे बोलतील त्याची चौथी नोंद करावी लागेल.

धीम्या गाडीत बसायला मिळत असेल तर दोन स्टेशनांमधला वेळ एका नोंदीला अगदी बेताचा आहे. दादर सुटलं, माटुंगा यायला दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात एकाच चौकटीकडे बघा: समोरच्या बाकावरच्या तीन-चार माणसांचे फक्त हात, किंवा फक्त मांडीवरच्या पिशव्या. पूर्ण डब्याकडे बघितलं की ‘गर्दी’ हाच शब्द मिळतो. चौकट लहान केली की भाजी निवडणारी बोटं दिसतात, मेथीच्या काड्या रुमालात गोळा होताना दिसतात.

नोंद कुठे लिहावी याचा फार विचार करू नका. खिशात मावणारी छोटी डायरी चालेल, व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला पाठवलेला मेसेज चालेल, तिकिटाच्या मागची बाजूही चालेल. पण एक दिवस इथे, एक दिवस तिथे असं केलं तर रात्री नोंदी शोधण्यात जीव जातो. पंधरा दिवस एकच जागा ठेवा.

एक नोंद पान कशी होते

समजा संध्याकाळी मासळीबाजारातून या तीन नोंदी मिळाल्या:

‘बांगडे दोनशेला चार. मावशींनी पाचवा न विचारता टाकला.’
‘कल्ला बघ, लाल हाय. हात लाव, घाबरतेस काय?’
‘क्यूआर कोड थर्माकोलच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला. त्यावर खवलं.’

रात्री टायमर ७ मिनिटांचा. तिन्ही नोंदी एकदा वाचायच्या, जिच्यात काहीतरी हलतंय ती उचलायची. इथे तिसरी. सात मिनिटांत साधारण एवढं होतं:

‘मावशींचा क्यूआर कोड बर्फाच्या पेटीच्या झाकणाला आतून लावलेला आहे. पैसे द्यायचे म्हटलं की त्या झाकण उचलतात, ओल्या हाताने खवलं पुसतात आणि आरसा धरावा तसं समोर धरतात. आज स्कॅन होईना. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पदराने. मागच्या बाई म्हणाल्या, रोख द्या ना, किती वेळ पुसायचं. मावशींनी तोवर पाचवा बांगडा पिशवीत टाकला होता. पैसे अजून आले नव्हते.’

पहिली नोंद शेवटाला आपोआप येऊन बसली. दुसरी वापरलीच नाही. ती पुसून टाकायची नाही, पण तिच्यासाठी जागाही करायची नाही. यात ‘बाजार हा माणसांचा आरसा आहे’ असलं वाक्य नाही याकडेही लक्ष द्या. सात मिनिटं संपत आली की हाताला असलं वाक्य लिहायची खाज सुटते. लिहिलंत तर दुसऱ्या दिवशी वाचताना तेवढंच नकोसं वाटेल.

सुरुवातीला अर्धं पान पुरे. हाताने मराठी लिहिताना सात मिनिटांत सत्तर-ऐंशी शब्द झाले तरी भरपूर. तीन पानांचा नेम धरणारेच दहाव्या दिवशी थकतात.

आवक आहे, पण रोज तीच ती

तोच प्लॅटफॉर्म, तोच रिक्षा स्टँड, सोसायटीच्या गेटवर तोच वॉचमन. खरंय. यावर लोक उपाय करतात तो सहलीचा: रविवारी पहाटे दादरचा फुलबाजार, कधी ससून डॉक, हिवाळ्यात शिवडीला फ्लेमिंगो. जायला हरकत काहीच नाही. फक्त जाताना भरतीचं वेळापत्रक बघा. पूर्ण भरतीत शिवडीचा चिखल बुडतो, पूर्ण ओहोटीत पक्षी लांब जातात, मधल्या वेळेला जवळ दिसतात. पण वर्षातून दोनदा फ्लेमिंगो बघून रोजची वही भरत नाही. उलट सहलीनंतरचा सोमवार जास्तच रिकामा वाटतो.

त्यापेक्षा एकच गोष्ट निवडून तिच्यामागे सलग १४ दिवस लागा. अट एवढीच, की ती आपणहून बदलणारी हवी. रोज एक ओळ. चौदाव्या दिवशी चौदा ओळी वाचून एक पान.

समुद्राजवळ राहत असाल तर भरती घ्या. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे संध्याकाळी सातला त्याच कठड्याशी उभं राहिलात तरी रोज वेगळा समुद्र मिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान भरती. दादर चौपाटीवर आज पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं, एवढीच ओळ.

समुद्र नसेल तर मावळतीची वेळ. जूनअखेरीस मुंबईत सूर्य सात-वीसच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरअखेरीस सहालाच. म्हणजे ऑफिसातून सुटायची वेळ तीच, पण एकदा उजेडात आणि एकदा अंधारात. ऑक्टोबरच्या चौदा दिवसांत हा फरक डोळ्यांदेखत घडतो. कोणत्या दिवशी समोरच्या इमारतीतले दिवे तुम्ही स्टेशनवर पोचण्याआधी लागले?

झाड सगळ्यात सोपं. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, ऑक्टोबरनंतर संध्याकाळी सातवीणीचा तो डोकं चढवणारा वास. पर्जन्यवृक्ष तर बारा महिने कामाचा. त्याची पानं संध्याकाळी मिटतात आणि फांद्यांमधून अचानक आकाश दिसायला लागतं. रस्त्यावरच्या एकाच झाडाला धरून राहा. झाडं बघत हिंडायला लागलात तर ती निसर्गसहल झाली.

भावही चांगला चालतो, पण कांदा-बटाट्यापेक्षा मासळीचा घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मेअखेरपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोळणींच्या टोपल्यांत काय येतं, काय गायब होतं, सुके बोंबील आणि जवळा कधी पुढे सरकतात, भाव सांगताना आवाज कसा बदलतो, हे सगळं आपोआप मिळतं. ज्यांच्या घरी मासे येत नाहीत त्यांनी समोरच्या टॉवरच्या स्लॅबकडे बघावं. हिरव्या जाळीमागचा मजला मोजायला काही लागत नाही.

कुठली मालिका चालत नाही? ‘माझा मूड’, ‘आज मी काय शिकलो’, ‘तीन चांगल्या गोष्टी’. या बदलतात असं वाटतं, पण पाचव्या दिवशी तेच शब्द परत येतात, कारण बघण्याची जागा प्रत्येक वेळी आतच असते.

‘यात काय लिहायचं?’

नोंदी मिळतात, पण त्या क्षुल्लक वाटतात. लग्न, मृत्यू, पूर, मोर्चा असलं काही घडलं तरच वही उघडायची असं नकळत ठरलेलं असतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्या दिवसाबद्दल ज्याच्या त्याच्याकडे पाच पानं आहेत. २५ जुलैबद्दल कुणाकडे एक ओळ नाही.

क्षुल्लक वाटणारं टिकत नाही, हीच त्याची किंमत. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा ज्याने त्याने तिचे फोटो टाकले. पण ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून मीटर कसा पाडायचा, भाडं विचारल्यावर मळकं कोष्टक कुठून काढायचा, मागच्या सीटचं स्प्रिंग नेमकं कुठे टोचायचं, हे त्या वेळी कुणी लिहिलं होतं? गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचं आहे. आज ते चाळताना नजर अडते ती लहानसहान तपशिलांवरच.

उपाय यांत्रिक आहे. नोंद क्षुल्लक वाटली की तिला एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट दहा वर्षांनी अशीच असेल का? ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं तर लिहा. सोसायटीच्या बोर्डावरची ‘पाण्याची टाकी साफ करण्यात येणार असल्याने’ ही सूचना, लिफ्टमनचं स्टूल, कुरिअरवाल्याने दारातून मारलेली हाक, डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली डबेवाल्यांची खूण: सगळं या चाळणीतून पास होतं.

दिवसाची जंत्री होते

उठलो, आंघोळ, नऊ-बाराची लोकल, मीटिंग, घरी, जेवण. तीन दिवस अशी जंत्री लिहिली की चौथ्या दिवशी लिहिणाऱ्यालाच कंटाळा येतो, आणि त्याचा कंटाळा रास्त असतो.

जंत्री होते कारण पहिला शब्द ‘आज’ असतो. ‘आज’ लिहिलं की हात आपोआप सकाळपासून सुरुवात करतो. तेव्हा महिनाभर पहिला शब्द ‘आज’ नको. पहिला शब्द एखाद्या वस्तूचं नाव ठेवा: ‘छत्रीची काडी...’, ‘कुकरची तिसरी शिट्टी...’, ‘टीसीच्या पेनाला...’. वाक्य तिथून कुठे जातं ते बघा. यासोबत खूप, छान, मस्त, वेगळंच, गर्दी हे पाच शब्दही महिनाभर बंद. सुरुवातीला वाक्यं अडतात. अडलेल्या जागी काय दिसलं, ते लिहावं लागतं, आणि तेच हवं असतं.

एक अपवाद. वस्तूपासून सुरुवात करूनही आठवडेच्या आठवडे एकच दुःख किंवा भीती पानावर येत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर हा लेखनाचा दोष नाही आणि वहीने तो निघणारही नाही. डॉक्टरांशी बोला, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा.

निबंधाची भाषा

दिवसभर ‘अरे यार’, ‘साइड द्या’, ‘टेन्शन नको घेऊ’ बोलणारा माणूस वही उघडली की ‘सायंकाळी मी सागरकिनारी फेरफटका मारण्यास गेलो’ असं लिहितो. शाळेत दहा वर्षं निबंध लिहून हाताला ते वळण लागलेलं असतं. तसं लिहिणं अवघड, वाचणं त्याहून अवघड, म्हणून सवय सुटते. शुद्धलेखनाची भीतीही यातच येते: ऱ्हस्व-दीर्घ अडलं की विचार अडतो. वहीला गुण मिळणार नाहीत. चुकीचं लिहा आणि पुढे जा.

भाषा सुटी करायला संवादाचा उपयोग होतो. एक आठवडा फक्त संवाद लिहा. मुंबईत एका संवादात तीन भाषा येतात, तशाच येऊ द्या. भाजीवाला ‘ताई, आज नहीं है, कल पक्का’ म्हणाला तर त्याचं शुद्ध मराठी करू नका. सासूबाई मालवणीत बोलत असतील तर वहीतही मालवणीत बोलतील. आठवडाभरात तुमची स्वतःची वाक्यंही आखूड होतात.

वेळ आणि जागा

रात्री साडेदहानंतरची वेळ बहुतेकांसाठी चुकीची आहे, कारण तोवर माणूस दमलेला असतो आणि हातात फोन असतो. सात मिनिटं आधीच होणाऱ्या एखाद्या कामाला जोडा: सकाळी दूध तापेपर्यंत (ओट्याशी उभं राहून लिहिता येतं, दूध मात्र उतू जातं, तेव्हा गॅस बारीक), ऑफिसात पोचल्यावर कॉम्प्युटर सुरू करण्याआधी, मुलांच्या क्लासबाहेर, परतीच्या धीम्या गाडीत. ठाण्याहून सीएसएमटीला धीमी लोकल तासभर घेते. त्यातली सात मिनिटं काही फार नाहीत. नोंदी आदल्या दिवशीच्या असल्या तरी चालतात. शिळ्या नोंदी कधीकधी ताज्यांपेक्षा बऱ्या निघतात, फालतू भाग गळून गेलेला असतो.

दहा बाय पंधराच्या खोलीत पाच माणसं असतील तर वेळेपेक्षा मोठा प्रश्न वेगळा असतो: वही कुणीतरी वाचणार. वाचली जाण्याची भीती असली की माणूस खरं लिहीत नाही, आणि खोटं लिहायला सात मिनिटंसुद्धा जास्त होतात. कुलूप लावू नका, त्याने कुतूहल वाढतं. घरच्यांची नावं न लिहिता खुणेची अक्षरं लिहा, वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, किंवा जे झोंबणारं आहे ते फोनमधल्या लॉक केलेल्या नोटमध्ये लिहून बाकीचं वहीत. आणि घरी एकदा स्पष्ट सांगून टाका: ही हिशोबाची वही नाही, उघडू नका. पुष्कळ घरांत एवढ्याने भागतं, कारण आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

फोनवर लिहिणाऱ्यांसाठी: बोलून टाइप करताना भाषा मराठी निवडली आहे ना ते बघा. कीबोर्डमध्ये हिंदी राहिली तर ‘आहे’चं ‘है’ होतं आणि दुरुस्त करण्यातच वेळ जातो. गाडीत किंवा नाक्यावर बोलून टाइप करणं जमत नाही, आजूबाजूचं बोलणंही आत शिरतं. नोटिफिकेशन्स सात मिनिटं बंद.

खाडा पडला तर

गणपतीत पाच दिवस, दिवाळीत आठ, मुलाच्या परीक्षेत पंधरा. खाडा पडतोच. सवय खाड्याने मोडत नाही, भरपाईने मोडते. सुटलेले दिवस आठवून लिहायला बसलं की पुन्हा जंत्री, आणि तीही शिळी. सुटलेल्या दिवसांसाठी पानं कोरी सोडू नका. छापील तारखांची डायरी घेऊ नका ती याचसाठी, तिच्यात कोरी पानं तोंड वासून बसतात. साधी शंभर पानी वही घ्या, तारीख हाताने घाला, मागच्या ओळीखालीच पुढचं सुरू करा. सलग महिना सुटला असेल तर पहिले तीन दिवस काही लिहू नका, फक्त तीन-तीन नोंदी घ्या. चौथ्या दिवशी हाताशी नऊ नोंदी असतात.

पावसाळा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मुंबईत कागद सादळतो आणि शाईचं पेन त्यावर फुटतं. अक्षर फुटलं की वही नकोशी होते. कारण फुटकळ वाटेल, पण जुलैत सुटणाऱ्या सवयी यानेही सुटतात. या दिवसांत शाईचं आणि जेल पेन बाजूला ठेवा. साधं बॉलपेन फुटत नाही, पेन्सिल तर ओलसर कागदावरही उमटते आणि पाण्याने जात नाही. वही झिप असलेल्या पिशवीत, पिशवीत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी.

तरी भिजलीच, तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, फाटतात. वही उभी करून पानं पंख्यासारखी पसरा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. दर दहा-पंधरा पानांमध्ये टिश्यू पेपर घाला आणि ओला झाला की बदला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई तुमच्या पानावर उतरते. इस्त्री फिरवू नका. दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरते. तेवढा वेळ किंवा जागा नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीने वाळवता येते. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर कोळंबीच्या पिशवीखाली ती दसऱ्यापर्यंत राहते.